एक पॉइंट आठ

नोव्हेंबर. पहाटे साडेपाच.
मानकापूरच्या पुढे रस्ता मोकळा होतो,
स्कूटरच्या मुठीवर बोटं आखडतात
आणि पाठीवरचा ट्रायपॉड टोचत राहतो
अर्धवट आठवलेल्या कामासारखा.

कोराडीच्या अलीकडे डांबरी सोडून डावीकडे
एक बोडी आहे, तलाव म्हणवत नाही इतकी लहान.
पाण्यावर शिंगाड्याचा वेल,
वेलातून डोंगा सरकवत डोमाजी नान्हे,
आणि सगळ्यांच्या मागे
वीजकेंद्राच्या चिमण्या,
रात्रपाळी कधीच न संपणाऱ्या.

त्या दिवशी मी एक पॉइंट आठवर होते.
आकडा लहान, तितकं छिद्र मोठं.
हे उलटं गणित डोक्यात शिरायला वर्ष गेलं,
बँकेत दिवसभर सरळ हिशेब करणारी बाई मी.
बांधावर पोटावर झोपले. स्वेटरभर कुसळं.
काठावरच्या एका पानावर फोकस धरला,
पानाच्या दातऱ्यांवर,
दातऱ्यांत अडकलेल्या दवावर.
बाकीचं जग सोडून दिलं.

सोडून दिलं म्हणजे विरघळवलं.
पाण्याची साय झाली.
डोंगा म्हणजे बोटानं पुसलेली काजळाची रेघ.

बँकेत सगळ्यांनी वा वा केली.
सीताबर्डीत प्रिंट काढली, बारा बाय अठरा,
आणि रविवारी डोमाजीला नेऊन दाखवली.
त्यानं ओले हात बनियनला पुसले,
फोटो लांब धरला, जवळ धरला.
"पान तं झ्याक हाये व बाई. मी कुठी हाओ?"
मी रेघेवर बोट ठेवलं.
"हा?"
"हा."
तो पुढं काही बोलला नाही.
चकचकीत कागदावर माझ्या बोटाचा ठसा
त्याच्यापेक्षा स्पष्ट उमटला होता.

पुढचा रविवार. सोळा.
छिद्र आता मुगाच्या दाण्याएवढं.
फोकस साधारण तिसऱ्या हिश्शावर,
ट्रायपॉडचे पाय चिखलात,
टायमरची टिकटिक,
आणि अर्धा सेकंद मीही श्वास रोखून.

सगळं आलं.
पायाशी गोगलगायीचा शंख, त्याची वळणं,
वेलाचं पान न् पान,
डोंग्याच्या कडेला ठोकलेला पत्रा,
चिमण्यांवरचे लाल-पांढरे पट्टे, मोजता येतील असे.
कुणालाही वगळलं नव्हतं.
फक्त डोमाजीला हात नव्हते.
मनगटापुढे नुसता धूसर फवारा.
अर्ध्या सेकंदात ते
पाण्याखाली जाऊन आले होते.
याला सोळाचाही इलाज नाही.

दोन्ही प्रिंट घेऊन गेले. म्हटलं, यातला एक ठेवा.
मनात धरूनच की सोळाचा घेईल.

त्यानं बराच वेळ पाहिलं.
एकदा खोकला. बिडी कानावरून काढली, परत ठेवली.
मग पहिला उचलला. पानाचा.
"अहो, यात तुम्ही दिसत नाही."
"मी काय, घरी आरसा हाये."
आणि त्या सायीवर,
जिथं मी काहीच ठेवलं नव्हतं,
तिथं त्यानं ओलं बोट टेकवलं.
"इथल्या चिमण्या उडवल्या तुमी.
माह्या बापाच्या वक्ती
बोडी अशीच दिसे."

मी वळून पाहिलं.
चिमण्या होत्या तिथंच, पट्ट्यांसकट.
एकही उडाली नव्हती.

शिंगाडे त्यानं न तोलता पिशवीत ओतले,
पैशाचं काही बोलू दिलं नाही,
फोटो डोंग्यात नेऊ की नको यावर थोडा थांबला,
मग बांधावरच दगडाखाली ठेवला,
उलटा, पान खाली करून.

मानकापूरच्या सिग्नलला
मी एक शिंगाडा दातानं फोडला.
मागचा ट्रकवाला हॉर्न देत होता.
काटा ओठात रुतला,
अगदी जवळून.